समोरून काढलेली माणसं

दत्तू पेंटर माणसाकडं पूर्ण असं कधी बघायचेच नाहीत. तुकड्यातुकड्यानं बघायचे. रहिमतपूरच्या त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'या, बसा' काही नाही. माझ्या डाव्या कानाकडं बघत म्हणाले, "कोरेगावच्या जगतापांची का तू?"

मी जगताप नाही. तसं सांगितलं.

"मग आई असंल जगतापांची. ह्यो कान बाहेरनं आलेला न्हाई."

माझी आई जगतापांचीच. मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, आमच्या तहसीलदारांना विचारा.

लोक त्यांना नाना म्हणायचे. लग्नाच्या मांडवात नाना शिरले की बायका डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या, कारण हा माणूस भर पंगतीत सांगायचा, "नवरीचं कपाळ आजीचं हाय. आजीनं जन्मभर झाकून ठेवलं, म्हणून तुमाला ठावं न्हाई." पोराची हनुवटी बापाची नसून मामाची आहे हे ते इतक्या शांतपणे सांगत की भांडायला सुद्धा सुचत नसे. नाक खोटं बोलतं, कान खोटं बोलत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोबाइलवरच्या फोटोंना ते हातही लावायचे नाहीत. "ह्यात समदी एकाच आईची दिसत्यात," म्हणायचे.

पोटाचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. पण पंचक्रोशीत नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. ज्या मयत माणसाचा फोटोच नाही, त्याचं चित्र नाना काढून द्यायचे. त्या घरातली भावंडं, मुलं, पुतणे एका रांगेत उभे करायचे. एकाचा कान घ्यायचे, दुसऱ्याचा जबडा, तिसऱ्याच्या केसांचा भोवरा. पंधरा दिवसांनी घरची माणसं यायची आणि दुकानाच्या दारातच थबकायची. दुकानाच्या मागच्या भिंतीवर अशी अर्धवट चित्रं टांगलेली असायची, सगळी बिनडोळ्यांची. डोळे नाना शेवटी काढायचे, आणि तेही घरचं माणूस समोर बसवून. का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "आधी काढलं तर पंधरा दिवस त्ये कुणाला बघणार? मला? माझं काय नातं?"

हे ते गमतीनं म्हणाले असतील असं मला तेव्हा वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

आम्ही त्यांच्याकडं गेलो त्याला कारण होतं. बेचाळीस साली आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. माणसं खेड्यापाड्यांतनं चालत आली होती. कचेरीसमोर पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. गावाचं नाव मी इथं घालत नाही. घातलं की आधी कोण पडलं आणि झेंडा कुणाच्या हातात होता यावरनं लगेच दोन गावांत भांडण लागतं, आणि मेलेली माणसं बाजूला राहतात. त्या दिवसाचा एकही फोटो नाही. शाळेच्या पुस्तकात तो कुठंतरी एका वाक्यात उरकलेला. आमच्या पत्रकं काढणाऱ्या पोरापोरींच्या गटाला याचा संताप होता. ठरवलं की फिल्म करायची. फोटो नाहीत तर चित्रं काढायची, ती चालवायची, आणि मागं ज्यांनी घरात ऐकलंय त्यांचे आवाज लावायचे. आमच्यातल्या रोहितला कॅमेरा आणि संगणक दोन्ही यायचं. चित्रं काढणारा हात तेवढा हवा होता.

"कार्टून?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. माहितीपट. खरं घडलेलं. फक्त चित्रांतनं."

"माणसं मरत्यात ना त्यात?"

"हो."

"मंग उंदीर-मांजरावानी नगं. कोळसा घेऊ."

कोळसाही ते घरी करायचे. तुरीच्या काड्या पत्र्याच्या बंद डब्यात भरून चुलीत ठेवायच्या, सकाळी काळ्या, हलक्या, वाजणाऱ्या कांड्या निघायच्या. रोहितच्या हातात एक ठेवत ते म्हणाले, "पूर्वी ह्याच कोळशाची बंदुकीची दारू करायचे. तूर लय झट पेटती." रोहितनं ती कांडी जराशी लांब धरली.

काम असं चालायचं. दुकानाच्या आतल्या खोलीत भिंतीएवढा एकच कागद ठोकलेला. त्यावर कचेरीसमोरचं मैदान आणि मैदानात माणसं. नाना एका माणसाचा पाय काढायचे, रोहित फोटो घ्यायचा. मग पावाच्या मऊ गरानं तो पाय पुसायचा, बोटभर पुढं काढायचा, पुन्हा फोटो. एका पावलासाठी दुपार जायची. खिडक्या बंद, एक दिवा, बाहेर उन्हात ट्रॅक्टरची ये-जा, आणि आत पाव घासल्याचा आवाज.

पुसून काळ्या झालेल्या पावाच्या गोळ्या नाना एका डब्यात जमवायचे. एकदा रोहितनं त्या शेजारच्या कोंबड्यांना टाकल्या. नाना दुकानातनं अनवाणी धावत बाहेर आले. मी त्यांना धावताना तेवढंच एकदा पाहिलं.

"कोंबड्यास्नी घालतोस व्हय रं? अक्कल हाय का न्हाई? माणसं हायत त्यात!"

कोंबड्या हाकलून त्यांनी एकेक गोळी वेचली. डबा भरला की ते नदीवर जाऊन तो पाण्यात सोडून यायचे. येताना पाय धुऊन यायचे, मयताला जाऊन आल्यासारखे.

कोळसा कागदावरनं पूर्ण जात नाही. कितीही पुसला तरी राखाडी सावली राहते. रोहितनं पहिल्या महिन्याचे फोटो जोडून आम्हाला चालवून दाखवले तेव्हा मोर्चा खरोखरच आमच्या अंगावर चालत आला. पण प्रत्येक माणसाच्या मागं त्याच्याच पुसलेल्या पावलांची एक रांग होती. पुढं काळी माणसं, मागं धुरकट माणसं. पुढची थांबली तरी मागची थांबल्यासारखी वाटेनात.

"नाना," रोहित म्हणाला, "मागनं कोण यायलंय?"

"तीच हायत. मागं राहिलेली."

"संगणकावर साफ करता येईल मला."

"त्येंची मागं राहिलेली जागा तू साफ करणार? कर बघू."

रोहितनं केलं नाही. त्या दिवसापासनं मी मात्र त्या कागदाकडं पाठ करून बसायचं सोडलं.

आमचं भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरनं. सगळी चित्रं एकाच बाजूनं होती. माणसं समोरून येतायत, चेहरे आपल्याकडं, आणि कागदाच्या खालच्या कडेला बंदुकांच्या नळ्यांची टोकं. म्हणजे बघणारा पोलिसांच्या रांगेत उभा. रोहितनं किती सांगितलं, एखादं दृश्य मोर्चाच्या मागून घेऊ, एखादं वरून घेऊ. नाना म्हणायचे, "मला तिकडनं दिसत न्हाई."

मी एक दिवस फुटलेच. "नाना, लोकांना पोलिसांच्या जागी का उभं करताय? आपण कुणाच्या बाजूचे? आणि हुकूम देणारा गोरा साहेब कुठाय? तो नको दिसायला?"

"गोरा साहेब त्या दिवशी तिथं न्हवता."

"तुम्हाला काय माहीत? तुमचा जन्म तरी झाला होता का?"

"बाजू तुज्या पत्रकात घाल," ते माझ्या कानाकडं बघत म्हणाले. "मी चित्र काढतोय. चित्राला बघायची जागा लागती. कुणीतरी कुठंतरी हुबं ऱ्हावं लागतं. मला ही एकच जागा मिळालीया."

कुणाकडून मिळाली, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सांगितलं. हात धुऊन आले, कोळशाची कांडी घेतली आणि अंगठ्याच्या नखावर टोक घासत बोलत राहिले. त्यांनी कागदाकडं बघितलं नाही, माझ्याकडं तर नाहीच.

स्वातंत्र्याला बरीच वर्षं झाल्यावर त्या गावात हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. तेव्हा नाना ऐन पंचविशीतले, दुकान नवं. स्मारकाच्या दालनात मेलेल्या प्रत्येकाचं चित्र लावायचं ठरलं आणि काम नानांना मिळालं. फोटो एकाचाही नव्हता. शेतकरी, धनगर माणसं, त्यांनी फोटो कधी काढायचा? घरची सांगणार ते एवढंच, की नाक सरळ, रंग सावळा. नानांनी रांगा उभ्या केल्या, कान घेतले, जबडे घेतले. घरची यायची, बघायची आणि म्हणायची, "छान हाय. पर त्यो ह्यो न्हवं."

दुकानाच्या बाकावर रोज एक म्हातारा पेपर वाचायला यायचा. पोलिसातनं निवृत्त झालेला, लेकीकडं राहायला आलेला. त्याला सगळे जमादार म्हणत. चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी स्वतः विसळून ठेवायचा. एके दिवशी पेपरातनं डोकं वर न काढता तो म्हणाला, "भुवया जुळलेल्या व्हत्या."

"कुणाच्या?" नानांनी विचारलं.

"ह्याच्या. तू काढतोयस त्याच्या."

नानांनी भुवया जुळवल्या. त्या मेलेल्या माणसाचा भाऊ चित्र बघायला आला आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. त्यानं टोपी काढली. "त्याला बी ध्यानात न्हवतं भावाच्या भुवया जुळलेल्या व्हत्या त्ये," नाना म्हणाले. "बघितल्यावर आठवलं."

मग जमादार बोलत गेला आणि नाना काढत गेले. ह्याच्या वरच्या ओठाला चीर होती. ह्यानं घाबरून डोळे बारीक केले होते. ह्याच्या गालावर देवीचे वण होते, उजवीकडं जास्त. घरची येत, बघत आणि रडत जात. नानांना वाटलं, म्हातारा मोर्चात असणार.

"मी इचारलं, जमादार, तुमी मोर्चात व्हता काय? म्हणला, व्हतो की. म्हणलं, कुणाच्या गटात? त्यानं पेपरची घडी केली. म्हणला, मी म्होरं हुबा व्हतो. त्येंच्याकडं तोंड करून. हातात बंदूक."

नाना नखावर कोळसा घासत होते.

"तुला वाटंल, माझ्या हातातला ब्रश गळून पडला आसंल. न्हाई पडला. त्याचीच मला आज बी भीती वाटती बघ. मी इचारलं, जमादार, कान कसं व्हतं?"

राहिला शेवटचा एक. ज्ञानू त्याचं नाव. त्याची एकुलती मुलगी, गोदाआक्का, विट्याला दिलेली. ज्ञानूच्या चेहऱ्यावर जमादार काही बोलेना. यायचा, कोरा कागद बघायचा, चहा न पिता उठून जायचा. मग एका दुपारी दारातच उभा राहिला. बसला नाही, पेपर घेतला नाही. ज्ञानूचा सगळा चेहरा त्यानं उभ्याउभ्या सांगितला, जिवणीच्या बाजूचा तीळ धरून.

"म्हणला, बाकीच्यास्नी कुणाची लागली, सांगता येत न्हाई. आमी समद्यांनीच झाडल्या. ह्यो माझा. पायरीपाशी आला आन् वाकला. मला वाटलं, धोंडा उचलतोय. वर आला तवा हातात कायतरी व्हतं. मी झाडली. पडल्यावर बघितलं. वहाणा व्हत्या."

"वहाणा?" रोहित म्हणाला.

"कचेरीची पायरी आली म्हणून काढल्या त्यानं. तवा वहाणा घालून सरकारची पायरी कोण चढत व्हतं? बानं काढल्या, आज्यानं काढल्या. गडी सरकार उलथून टाकायला आला व्हता आन् सरकारच्या पायरीशी वाकून त्यानं वहाणा हातात घेतल्या. जमादार म्हणला, माझा बा बी कचेरीत अस्साच जायचा. मी वळखायला पायजे व्हतं."

त्यानंतर जमादार दुकानात आला नाही. वर्षभरात गेला. नानांनी चित्रं पोचती केली आणि हे कुणाला सांगितलं नाही. ज्ञानूच्या चित्राची एक प्रत त्यांनी स्वतः विट्याला गोदाआक्काला नेऊन दिली. दर वर्षी जायचे, चित्राची काच पुसून द्यायचे, चहा घ्यायचे, यायचे.

ज्ञानूचं वाकणं नानांनी कागदावर काढलं ते याच्यानंतर. त्या कामाला बाकी कशाहूनही जास्त वेळ लागला. ते कंबर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. पाव घासताना ओठ हलायचे. मी ऐकायचा प्रयत्न केला. ते बहुतेक कुणाला तरी 'सावकाश' म्हणत होते.

फिल्म पुरी होत आली तेव्हा स्मारक समितीला दाखवायची ठरली. समितीचे अध्यक्ष फौजेतले निवृत्त सुभेदार, सरळ पाठीचे आणि माणूस म्हणून बरे. दुपारी स्मारकाच्या दालनात पडदे ओढून आम्ही फिल्म लावली. वरती भिंतीवर ती सगळी चित्रं, खाली पडद्यावर तेच चेहरे चालत येणारे. माणसं पडली, आणि शेवटच्या चित्रात नानांनी पहिल्यांदाच नजर उलटी फिरवली होती: बंदुकीमागं जमादाराचं तोंड. संपल्यावर सुभेदार उठून पडद्यापाशी गेले.

"दत्तू, ज्ञानूच्या हातात झेंडा पायजे."

"झेंडा दुसऱ्याच्या हातात हाय की."

"बाहेर शिळेवर कोरलंय आपण. झेंडा घेऊन पायरी चढला म्हणून."

"मी न्हाई कोरलं."

"आन् बंदूकवाल्याचं तोंड कशाला दाखवलंस? फायरिंग पार्टीला तोंड नसतं, ऑर्डर असती. मी बी सर्व्हिसमधे गोळी झाडलीया दत्तू. असली चित्रं काढू ने." मग ते माझ्याकडं वळले. "तू पत्रकं काढतीस न्हवं? तूच सांग पोरी. वहाणा हातात धरलेला हुतात्मा कुणाला पायजेल?"

"मला!" मी जरा मोठ्यानंच म्हणाले. "मला पाहिजे. ज्याच्या अंगात सरकारची भीती इतकी मुरलेली की पायरी दिसली की कंबर आपसूक वाकते, तो माणूस तरीसुद्धा त्या पायरीपर्यंत चालत आला. याच्यापेक्षा मोठं काय करायचं होतं त्यानं? आणि आज काय वेगळं आहे? आजही साहेबाच्या केबिनबाहेर आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या चपलांची रांग असते. कुणी सांगितलेलं नसतं, तरी काढतात. त्या चपला दिसायला नको म्हणून झेंडा द्यायचा होय?"

सुभेदार माझ्यावर चिडले नाहीत. वाईट वाटल्यासारखं बघत राहिले. मला चिडलेलं परवडतं, हे असलं नाही.

नाना मधे पडले. "ह्ये तुमचं बी न्हाई आन् हिचं बी न्हाई. गोदाआक्काच्या बाचं हाय. मी तिला समदं सांगतो, जमादाराचं बी. ती बघू द्या. ती म्हणली न्हाई दाखवायचं, तर कागद जाळतो मी, आन् ह्यो रोहित त्याच्याकडचं पुसून टाकील."

रोहितचं तोंड उघडं राहिलं. दीड वर्षाचं काम. माझंही डोकं फिरलं, पण नानांनी तोवर छत्री उचलली होती.

एसटीनं आम्ही तिघं विट्याला गेलो. नाना खिडकीशी बसले होते. समोरच्या सीटवरच्या बाईचं लहान पोर त्यांच्याकडं बघून हसत होतं. एरवी त्यांनी त्या पोराचं सगळं कूळ सांगितलं असतं. आज ते हातातल्या तिकिटाची गुंडाळी करत राहिले.

गोदाआक्काचं घर चांगलं तीन मजली. मुलं कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, सुना तिकडंच. एवढ्या घरात म्हातारी एकटी, खालच्या खोलीत. समोरच्या भिंतीवर ज्ञानूचं चित्र, चंदनाचा हार घातलेलं.

"आलास व्हय दत्तू? तोंड बघ कसं झालंय, कोळशाच्या गाडीवर बसून आल्यावानी. आन् ही कोण?"

"पत्रकवाली हाय."

"लगीन झालंय का गं?"

"नाही आक्का."

"बरं केलंस. चा घेशीला न्हवं?"

"आक्का, चा नगं आज," नाना म्हणाले. "आधी ऐकून घ्या."

नाना खाली सतरंजीवर बसले. जमादाराचं, भुवयांचं, पायरीचं, वहाणांचं, सगळं त्यांनी सांगितलं. काही मऊ केलं नाही, काही गाळलं नाही. आक्का खुर्चीत होती. बोलणं संपलं तरी तिची नजर चित्रावरच होती.

"म्हंजी चाळीस वरसं मी ह्याला उदबत्ती ववाळली," ती म्हणाली. "ज्यानं मारला त्याच्या जिभंवरनं उतरलेल्या तोंडाला."

"व्हय आक्का."

"आन् तू दरसाली येऊन काच पुसून जायचास. चा पिऊन."

"व्हय."

"लाज न्हाई वाटली रं भाड्या?"

"वाटायची. पर हार घातलेला बघितला की बोलवायचं न्हाई."

ती उठली. मला वाटलं चित्र उतरवणार. चित्रासमोर जाऊन उभी राहिली, काचेवर हात ठेवला आणि तशीच बोलली, आम्हाला की काचेला ते कळलं नाही.

"मला बाचं तोंड ठावंच न्हाई. मी उंबऱ्यात बसली व्हती, त्यो जाताना पाठ दिसली. घोंगडं काखंत व्हतं. तेवढीच पाठ. मी मागनं बघितला आन् त्या मुडद्यानं म्होरनं बघितला. मला जे दिसलं न्हाई त्ये त्याला दिसलं." मग वळून रोहितला म्हणाली, "दाखीव."

रोहितनं खिडक्या लावल्या, संगणकाला सोबत आणलेला छोटा प्रोजेक्टर जोडला आणि पांढऱ्या भिंतीवर फिल्म सोडली. ज्ञानूचं चित्र त्याच भिंतीवर होतं. त्याच्या शेजारी मोर्चा चालत यायला लागला, काळी माणसं, मागं धुरकट माणसं. आवाज आम्ही बंद ठेवला होता. गर्दीतनं ज्ञानू पुढं आला. आक्का पुढं झुकली. चित्रातला चेहरा हार घालून वर, आणि तोच चेहरा खाली चालतोय. ज्ञानू पायरीशी पोचला. थांबला. वाकला.

"थांबीव!"

रोहितनं थांबवलं. भिंतीवर वाकलेला ज्ञानू. वाकल्यावर चेहरा दिसत नाही. पागोटं दिसतं आणि पाठ दिसते.

"ही," आक्का म्हणाली. "ही वळखीची हाय. ह्यो माझा बा."

रोहितचं बोट बटणावर होतं.

"उठू दिऊ नगं त्याला," ती म्हणाली.

"आक्का," नाना हळू म्हणाले, "फिलम म्होरं हाय आजून. त्यो उठतो."

"ठावं हाय मला उठतो त्ये. गावात दाखीव, चावडीत दाखीव, त्या सुभेदाराला धरून बसवून दाखीव. वहाणा दाखीव. माझं काय म्हणणं न्हाई. बंदूकवाल्याचं तोंड बी दाखीव, लोकास्नी कळू दे कुणाचं व्हतं. पर हितं, माझ्या घरात, उठू दिऊ नगं."

फिल्म आम्ही पुढं गावोगाव दाखवली, शाळांच्या पटांगणात, चावड्यांत, एकदा उसाच्या ट्रॉलीला चादर बांधून. स्मारकाच्या दालनात ती अजून लागलेली नाही, शिळेवर अजून झेंडाच आहे, आणि त्यासाठी आमची पत्रकं चालू आहेत. नानांनी मात्र एकही खेळ बघितला नाही. विट्याहून आल्यावर त्यांनी अंथरूण धरलं आणि महिन्याच्या आत ते गेले. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यामुळं मला ते दिसतात ते विट्यालाच. आमची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली होती. नाना म्हणाले, "तुमी जावा म्होरं. मी ऱ्हातो आज आक्काकडं. मशीन ठेवून जावा." रोहितनं संगणक त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि कुठलं बटण दाबलं की फिल्म पुढं जाते ते दाखवलं. नानांनी मान हलवली आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे घट्ट दाबून धरले.

चपला घालताना मी दारातनं मागं बघितलं. आक्कानं खुर्ची भिंतीच्या अगदी जवळ ओढली होती. भिंतीवर ज्ञानू वाकलेला होता, आणि त्याच्या पाठीच्या वर, पाव घासूनही न गेलेला, घडीभरापूर्वी उभा असलेला ज्ञानू पुसट राखाडी दिसत होता, आमच्याकडं तोंड करून. नाना त्या भिंतीकडं बघत अगदी हलक्या आवाजात, जनावराला चुचकारावं तसं म्हणत होते, "ऱ्हा गड्या. ऱ्हा आजून जरा तस्साच."